अक्का, तुम्ही कधी जाणार?

बनशंकरीत मंगळवार आणि शुक्रवार ओळखायला कॅलेंडर लागत नाही. राहुकाळ जवळ आला की कनकपुरा रस्त्यावरच्या देवळाकडे बायकांची रीघ लागते. अर्धे कापून उलटे केलेल्या लिंबाच्या सालीत तेल-वात घालून दिवे लावले जातात आणि सगळ्या रस्त्याला लिंबाचा व तेलाचा वास येतो. सेकंड स्टेजमधल्या त्या घरातल्या आजी मराठी ख्रिस्ती. त्या रांगेत त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. पण शेजारच्या कन्नड बाईंसाठी बाजारातून पातळ सालीची लिंबे निवडून आणण्याचे काम मात्र गेली कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे.

जानेवारीतल्या अशाच एका मंगळवारी आजी लिंबांची पिशवी घेऊन घरी आल्या, तेव्हा दारात टॅक्सी उभी होती. मेलबर्नहून नात आली होती. वय वीस. मराठी बोलायची, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वर वर चढवून. ती एकटी आली नव्हती. तिच्या चर्चमधली बारा तरुण मुले-मुली बंगळुरात आली होती. कनकपुरा रस्त्याने शहराबाहेर गेले की एक बालगृह लागते. तिथे ही मंडळी दहा दिवस राहणार होती. भिंती रंगवणार, मुलांशी खेळणार, गाणी शिकवणार, गोष्टी सांगणार. वर्षभर केक विकून, गाड्या धुऊन त्यांनी पैसे जमवले होते. पहिली रात्र नात आजी-आजोबांकडे राहणार आणि सकाळी गटाला जाऊन मिळणार, असे ठरले होते.

"आजी, अठ्ठावीस अनाथ मुलं आहेत तिथे," ती जेवताना सांगत होती. "आम्ही त्यांना खूप प्रेम देणार आहोत."

आजोबा मान डोलवत होते. आजींचा ऊर भरून आला. त्या म्हणाल्या, "आपल्या घराला हे नवीन नाही हो. माझी आजीच मुळी अनाथ होती. आणि तिला माणसात आणलं ते अशाच देवाच्या माणसांनी."

जेवण झाल्यावर आजींनी कपाटाच्या वरच्या खणातून रेशमी फडक्यात बांधलेले एक जाडजूड पुस्तक काढले. पंडिता रमाबाईंनी भाषांतरित केलेले मराठी बायबल. पाने पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. "यातले खिळे जुळवणाऱ्या मुलींत माझी आजी होती," त्या म्हणाल्या. नातीला खिळे म्हणजे काय ते कळेना. मग आजींनी समजावून सांगितले की, पूर्वी छापखान्यात एकेक अक्षर शिशाचे असे. ते उचलून ओळीत लावायचे, की एक शब्द तयार होई.

नातीने पुस्तकावरून हात फिरवला. आजींना वाटले, हे आपल्या घरातले वर्तुळ पूर्ण होते आहे. त्या रात्री त्या समाधानाने झोपल्या.

*

आजींची ती आजी १९०० सालच्या दुष्काळातली. छप्पन्नचा दुष्काळ म्हणून गुजरातेत तो अजून ओळखला जातो, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होते. गावेच्या गावे ओस पडली होती. रमाबाईंनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या बायकांना गुजरातेत पाठवले आणि रस्त्याकडेला, धर्मशाळांत पडलेल्या मुली गोळा करून आणल्या. त्यांत ही सहा-एक वर्षांची मुलगी होती. तिला आपल्या गावाचे नाव सांगता आले नाही. पुढे ती अस्खलित मराठी बोलू लागली, मराठी घरात नांदली, पण घराच्या ओट्याला मरेपर्यंत 'ओटलो'च म्हणायची. तिच्या पहिल्या घरातला तेवढा एकच शब्द तिच्याजवळ उरला होता.

पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगाव आहे. तिथे रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले ते १८९८ मध्ये. त्याआधी १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुलींना घेऊन आल्या होत्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, एवढ्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय झाली. १९०० नंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती.

रमाबाईंना ही माया कुठून आली, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते. त्यांचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीत, गंगामूळच्या रानात. म्हणजे बंगळुरातल्या मराठी माणसाला त्या तशा दोन्हीकडून आपल्याच. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेला एक भाऊ आणि त्या, दोघे पायी देशभर हिंडले. तो भाऊही १८८० मध्ये गेला आणि दोन वर्षांनी पती गेले. भूक म्हणजे काय आणि कुणी नसणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते.

परदेशातून मदत तेव्हाही आली. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. १९०० च्या दुष्काळात अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेराल्ड' या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी जमवली आणि 'क्विटो' नावाचे जहाज मक्याने भरून हिंदुस्थानात धाडले. परदेशातल्या चर्चने इथल्या पोरक्या मुलांना मदत करणे ही काही आजची गोष्ट नाही.

पण केडगावला त्या मदतीचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. तिथे माग होते, तेलघाणा होता, शेती होती, दूधदुभते होते. भांड्यांना कल्हई लावायला मुली शिकल्या. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल शिकवले. छापखाना मुलीच चालवत. रमाबाईंचे बायबलही त्यांनीच छापले आणि ते पूर्ण झाले १९२४ मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी. मुलगी तिथून बाहेर पडली तर तिच्या हातात काही ना काही असे.

आजींना लहानपणी त्यांच्या आजीने सांगितलेली एक गोष्ट नेहमी आठवे. केडगावला अधूनमधून गाडीने पाहुणे येत. मोठ्या हॅटा घातलेल्या बायका, बूट वाजवत चालणारे साहेब. मुली ओळीत उभ्या राहून गाणे म्हणत. पाहुणे डोळे पुसत, कुणी रिबिनी देई, कुणी खाऊ. संध्याकाळच्या गाडीने सगळे परत जात. "त्यांची तोंडं मला एकाचीही आठवत नाहीत गं," ती म्हातारी म्हणायची, "पण ज्या राहिल्या, त्यांचे हात आठवतात."

आजींनी ही गोष्ट किती तरी वेळा सांगितली होती. तिचा अर्थ मात्र त्यांना नीट लागला तो या जानेवारीत.

*

बालगृहात पोहोचल्याच्या पहिल्या रात्री नातीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आजी, किती गोड मुलं आहेत! आम्ही गेटमधून आत आलो आणि ती धावत आली. एक छोटी आहे, सहा वर्षांची. ती माझ्या कमरेला मिठी मारून सोडेचना. मला अक्का म्हणते."

"अक्का म्हणजे ताई," आजी म्हणाल्या.

"हो, ते कळलं. पण आजी, एक विचारायचंय. 'यावाग होग्तीरा' म्हणजे काय? मुलं सगळी तेच म्हणतात. आल्या आल्या. मला वाटलं, नमस्कारासारखं काहीतरी असेल. म्हणून मीही हसून त्यांना तेच म्हटलं."

आजी बंगळुरात लग्न करून आल्या त्याला पन्नास वर्षे होत आली. कन्नड त्यांना मराठीइतकेच येते. फोन हातात धरून त्या क्षणभर गप्प राहिल्या.

"आजी? लाइन गेली का?"

"नाही बाळ. ऐकतेय. ती मुलं विचारतायत, तुम्ही कधी जाणार?"

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

पुढचे दिवस रोज रात्री फोन येत राहिले. भिंत निळी झाली, तिच्यावर मासे आणि सूर्य काढले. छोटी तिच्या मांडीवर बसून जेवते. छोटी रात्री तिचा रुमाल उशाशी घेऊन झोपते. पण नातीचा पहिल्या रात्रीचा तो आवाज पुन्हा काही ऐकू आला नाही. सातव्या दिवशी ती म्हणाली, "आजी, आमच्या आधी नोव्हेंबरमध्ये एक गट येऊन गेला. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये एक. भिंतीला आमच्या रंगाखाली हिरवा रंग होता. त्याच्याखाली पिवळा."

*

शेवटच्या दिवशी आजी स्वतः बालगृहात गेल्या. निरोपाचा छोटा कार्यक्रम होता. मुलांनी इंग्रजी गाणी म्हटली. फोटोच्या वेळी तिथल्या व्यवस्थापकांनी हात जोडून सांगितले की, मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो कुठेही टाकू नका. २०१५ च्या बालन्याय कायद्याने अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. काही तरुणांचे चेहरे पडले, पण त्यांनी ऐकले.

मग आजी पायरीवर बसल्या आणि छोटीला जवळ बोलावले. छोटी नातीचा हात न सोडताच आली. आजींनी कन्नडमध्ये नाव विचारले, शाळा विचारली. मग सहज, कोणत्याही मुलाला विचारावे तसे विचारले, "अम्मा एल्लि?" आई कुठे आहे?

"अम्मा केलसक्के होगिद्दाळे," छोटी म्हणाली. आई कामाला गेली आहे.

नातीने आजींकडे पाहिले. आजींनी अर्थ सांगितला. नातीचा चेहरा आजोबा पुढे कितीतरी दिवस वर्णन करून सांगत, खरे तर ते तिथे नव्हतेच. आजींनी सांगितले तेच ते सांगत.

व्यवस्थापक सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनी काही लपवले नाही. अठ्ठावीस मुलांपैकी आई आणि बाप दोघेही नसलेली मुले पाच. बाकीच्यांची आई आहे, नाहीतर बाप आहे, नाहीतर दोघेही आहेत. कुणाचा बाप दारूत बुडालेला, कुणाची आई आजारी. छोटीचा बाप बांधकामावरून पडून गेला. आई चार घरची धुणीभांडी करते, पहाटे सहाला बाहेर पडते. खोलीत मुलीला एकटी कशी ठेवणार, म्हणून बालकल्याण समितीपुढे जाऊन तिने मुलीला इथे ठेवले. महिन्यातून एका रविवारी भेटायला येते.

"आम्ही कधी अनाथ म्हणत नाही, अम्मा," ते आजींना म्हणाले. "पण बाहेरचे लोक म्हणतात. त्यांना तोच एक शब्द माहीत आहे."

निघताना नात रडली, तिचे सोबती रडले. छोटी रडली नाही. तिने नातीच्या हातातला आपला हात काढून घेतला, मागे वळली आणि निळ्या भिंतीपाशी जाऊन दुसऱ्या मुलींबरोबर खेळू लागली. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिले नाही. आजींना ते रडण्यापेक्षा जड गेले.

*

त्या रात्री बनशंकरीच्या घरात उशिरापर्यंत दिवा जळत होता.

"म्हणजे मी यायलाच नको होतं?" नातीने विचारले. तिच्या आवाजात राग होता, पण तो आजींवर नव्हता.

आजींनी उत्तर द्यायची घाई केली नाही. त्यांना स्वतःचेच आठवत होते. गेली तीस वर्षे दर नाताळात चर्चच्या महिला मंडळाबरोबर त्या एका बालिकाश्रमात जात. करंज्या, केक, नवे फ्रॉक. दोन तास गाणी, मग फोटो. त्या तीस वर्षांत त्यांना तिथल्या एकाही मुलीचे नाव आठवत नव्हते. पुढच्या नाताळात ती मुलगी तिथे आहे की नाही, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. त्यांनी हे नातीला सांगितले. म्हाताऱ्या माणसाने नातवंडापुढे अशी कबुली देणे सोपे नसते.

"तुझी माया खोटी नव्हती, बाळ," त्या म्हणाल्या. "पण ती दहा दिवसांची होती, आणि त्या पोरीला ती रोजची वाटली."

नात शिकलेली होती. तिने फोनवर शोधायला सुरुवात केली, आणि जे सापडले ते वाचून दाखवू लागली. अनोळखी माणूस दिसताच धावत येऊन मिठी मारणारे मूल पाहून आपल्याला वाटते, किती लाघवी आहे. पण बालमानसाचे अभ्यासक सांगतात की, ज्याला आपले एक ठरलेले माणूस असते ते मूल परक्यापाशी आधी थोडे बुजते, आईच्या पदराआड लपते. सांभाळणारी माणसे सारखी बदलत राहिली की काही मुले कुणाच्याही गळ्यात पडायला शिकतात. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे २०००च्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला. अनाथालयातली काही मुले पालक-कुटुंबांत दिली गेली, काही संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची वाढ चांगली झाली, आणि जितकी लवकर गेली तितकी अधिक चांगली.

ती ज्या देशातून आली होती त्या ऑस्ट्रेलियाने तर २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलांना अनाथालयात आणून ठेवण्याच्या प्रकाराचीही दखल घेतली. नेपाळ, कंबोडिया अशा देशांत असे घडल्याचे उघडकीला आले होते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेमुळे मुलांची जी हानी होते ती रोखायला सांगितले. कनकपुरा रस्त्यावरच्या त्या बालगृहात तसले काही नव्हते. तिथली माणसे प्रामाणिक होती. पण दर तीन महिन्यांनी नवी अक्का येऊन जात होती, एवढे मात्र खरे होते.

आजोबांनी तोवर जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला होता. घड्याळांच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना आकड्यांनी बोलायची सवय.

"विमानाचं तिकीट प्रत्येकी एक लाख वीस हजार. बारा जण. झाले चौदा लाख चाळीस हजार. आणि सरकारची मिशन वात्सल्य म्हणून योजना आहे. मूल संस्थेत न ठेवता घरच्यांनी सांभाळावं म्हणून, २०२२ च्या नियमांप्रमाणे, गरजू मुलाला महिना ४,००० रुपये मिळतात. त्या हिशेबानं तुमच्या तिकिटांत तीस मुलं एक वर्ष आपापल्या घरी राहिली असती." त्यांनी चष्मा काढला. "तिथं मुलं किती आहेत म्हणालीस?"

"अठ्ठावीस," नात हळूच म्हणाली.

"पुरे हो आता," आजी आजोबांना म्हणाल्या. "पोरीला रडवू नका. आलीच नसती तर हा हिशेब तरी कुणी केला असता?"

मग त्यांनी नातीला एमी कारमायकेल यांची हकीकत सांगितली. ही आयरिश बाई १८९५ मध्ये हिंदुस्थानात आली ती प्रथम याच बंगळुरात. पुढे ती दक्षिणेकडे, तमिळ मुलखातल्या दोहनावूरला गेली. १९०१ पासून तिथे मुली येऊ लागल्या. देवळांना वाहिल्या जाणाऱ्या, टाकून दिलेल्या. त्या तिला अम्मा म्हणत. एमी तमिळ शिकली, साडी नेसू लागली. १९३१ मध्ये पडून ती जायबंदी झाली आणि पुढची वीस वर्षे बहुतेक अंथरुणावरच होती. तरीही ती गेली नाही. १९५१ मध्ये तिथेच वारली. पंचावन्न वर्षांत ती एकदाही मायदेशी परतली नाही.

"म्हणजे एक तर जन्मभर राहायचं, नाहीतर यायचंच नाही?" नातीने विचारले.

आजी हसल्या. "सगळ्यांनी एमी व्हायचं नसतं, आणि होताही येत नाही. पण आपण राहू शकत नसलो, तर जे राहणार आहे त्याला हात द्यावा. त्या पोरीजवळ कोण राहणार आहे? तू नाही. मीही फार दिवसांची नाही. तिची आई राहणार आहे."

*

नात मेलबर्नला परत गेली. तिच्या चर्चमध्ये दर वर्षीप्रमाणे प्रवासाचा वृत्तांत सांगायचा होता. तिने निळी भिंत दाखवली, मग हिरव्या आणि पिवळ्या रंगाबद्दल सांगितले, आणि मुलांचा तो प्रश्न सांगितला. काही वडीलधारी मंडळी नाराज झाली. तरुणांच्या उत्साहावर पाणी ओतू नये, असे एकांचे म्हणणे पडले. पण पाळकांनी शांतपणे ऐकून घेतले. बराच खल होऊन ठरले की, पुढच्या वर्षीचा प्रवास रद्द करायचा आणि जमलेले पैसे बालगृहाला द्यायचे. अट एकच, ते भिंती रंगवायला नव्हेत, तर ज्या मुलांना घरी जाता येण्यासारखे आहे त्यांच्या घरांसाठी खर्चायचे.

इकडे बनशंकरीत खरे काम सुरू झाले, आणि ते गाण्याबजावण्याचे नव्हते. आजी छोटीच्या आईला भेटल्या. तिशीचीही नसेल ती बाई. सुरुवातीला ती घाबरली. मुलगी परत घ्या म्हणून सांगायला आलात का, मी टाकून दिली असं वाटतं का तुम्हाला, असे म्हणून रडू लागली. आजी तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "टाकून दिली असतीस तर दर महिन्याला रविवार मोजत बसली नसतीस," त्या म्हणाल्या.

अडचण एकच होती. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत मुलीजवळ थांबणार कोण? बाईची म्हातारी आई मागडीकडच्या गावात एकटी राहत होती. ती यायला तयार होती, पण दहा बाय आठच्या खोलीत तिघी मावणार कशा? मोठ्या खोलीचे भाडे जास्त, वर आगाऊ रक्कम. एवढ्याशा गोष्टीवर एका मुलीचे घर अडून राहिले होते.

आगाऊ रक्कम मेलबर्नहून आलेल्या पैशातून, बालगृहामार्फत भरली गेली. योजनेचा अर्ज व्यवस्थापकांनी केला. उत्पन्नाचा दाखला, बापाच्या मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक, शाळेचा दाखला. एकेका कागदासाठी आजोबांनी तीन-तीन खेपा घातल्या आणि आयुष्यात प्रथमच त्यांना निवृत्तीनंतरचा वेळ पुरेनासा झाला. समितीची माणसे खोली पाहून गेली, आजीला भेटून गेली, छोटीशी एकटीशी बोलली. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा छोटी तिच्या घरून शाळेत गेली.

आपल्या महाराष्ट्रातही अशाच मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील गेलेल्या मुलाला घरीच ठेवता यावे म्हणून सरकार दरमहा काही रक्कम देते. आपल्या वाड्यात, चाळीत, कामाला येणाऱ्या बाईच्या घरी असे मूल असते. त्याच्यासाठी अर्ज भरून द्यायला, कचेरीत सोबत जायला एखादे माणूस मिळाले, तर त्याला अनाथ म्हणवून घ्यायची वेळ येत नाही. अशा कामाचा फोटो निघत नाही, एवढीच त्यात उणीव.

सगळ्या अठ्ठावीस मुलांचे असे झाले नाही. पहिल्या वर्षात चौघे घरी गेली. काहींच्या घरी परत पाठवण्यासारखे घरच नव्हते. त्या पाच मुलांना तर कुणीच नव्हते. त्यांच्यासाठी ते बालगृह हेच घर, आणि तिथे वर्षानुवर्षे टिकून राहिलेली स्वयंपाकीणबाई हीच त्यांची सगळ्यात जवळची. मेलबर्नच्या पैशांतला एक वाटा तिचा पगार वाढवण्यासाठी गेला, म्हणजे ती काम सोडून जाणार नाही. ही सूचना नातीची. महिला मंडळानेही नाताळची वारी बंद करून दोघी-दोघींनी ठरलेल्या वारी जायचे, तीच मुले, तोच अभ्यास, असे सुरू केले. सहाजणींनी नावे दिली. दोन महिन्यांत त्यांतल्या चौघी उरल्या. पण त्या अजून जात आहेत.

आजी दर शनिवारी छोटीच्या घरी जातात. बनशंकरीच्या बसस्टँडवरून बस धरतात. जाताना कधी शेव, कधी पेरू, कधी नुसत्याच. छोटीची आजी आणि या आजी, दोघी दारात बसून कन्नडमध्ये गुडघ्यांच्या तक्रारी सांगतात. छोटी पाटी घेऊन शेजारी असते. नातीचा महिन्यातून एकदा फोन येतो, ठरलेल्या दिवशी. तेव्हा छोटी तिला नवी अक्षरे दाखवते.

पहिल्या काही शनिवारी आजी दारात दिसल्या की छोटीचा तोच प्रश्न असे. यावाग होग्तीरा? आजी घड्याळ दाखवून खरे ते सांगत, पाचला जाणार, पुढच्या शनिवारी येणार. पाऊस असो, गुडघा दुखो, त्यांनी तो वार चुकवला नाही.

दसऱ्याच्या सुमारास एका शनिवारी आजी निघाल्या, चपला घातल्या, पिशवी उचलली. छोटी पाटीवरून मान वर न करताच म्हणाली, "अज्जी, यावाग बर्तीरा?"

तुम्ही कधी येणार?

आजी बसमध्ये बसल्या तेव्हा बनशंकरीचा स्टँड कधी आला ते त्यांना कळलेच नाही. कंडक्टरने हाक मारली, तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि उतरल्या. घरी आल्यावर आधी मेलबर्नला फोन लावला.

"बाळ," त्या म्हणाल्या, "तिनं प्रश्न बदलला."